टाक्यात पू कुठनं आला?

"ओ सिस्टर, ऑपरेशन झ्याक झालं म्हणालासा, मग टाक्यात पू कुठनं आला?"

मिरजेच्या वॉर्डात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की विचारणाऱ्यांची गावंसुद्धा पाठ झालीत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिवाय पलीकडून अथणी आणि चिकोडी. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय सुरू केलं, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि या जंक्शनवर दुखणाईत माणसाला धरून उतरणारी कुटुंबं आजतागायत तशीच उतरतात. प्रश्न विचारणारा मुलगा बहुतेक वेळा चिडलेला असतो, मागं उभी असलेली त्याची आई घाबरलेली असते. समोरची नर्स "होतं कधी कधी" म्हणते आणि पुढच्या बेडकडे वळते. मीही अशी वळलेय. ते उत्तर अपुरं होतं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

दाखल होताना अंगात नसलेला आणि उपचार घेताना जडलेला आजार म्हणजे रुग्णालयातला संसर्ग. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो. म्हणजे तिकडच्या काचेच्या इमारतींतही तो शून्यावर आलेला नाही. तेव्हा टाका पिकला म्हणजे कुणीतरी हलगर्जीपणा केलाच, असं लगेच म्हणता येत नाही. पण ७ आणि १५ यांतला फरक औषधांमुळे कमी आणि सवयींमुळे जास्त पडतो, असं माझं इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरचं मत आहे.

विरजणाचा चमचा

जंतूंना पाय नसतात. काही आजार हवेतून पसरतात, टीबी आणि गोवर त्यातले. पण जखमेत पू करणारे, लघवीच्या नळीतून आत शिरणारे, सलाईनच्या सुईपाशी बसणारे जंतू बहुतांशी हातावरून येतात.

तापवून कोमट झालेल्या दुधात ताकाचा चमचा चुकून बुडाला तर सकाळपर्यंत अख्ख्या पातेल्याचं दही लागतं. चमच्याला ताक किती होतं? थेंबभर. ताजी जखम ही त्या कोमट दुधासारखी असते: ऊब आहे, ओल आहे, जंतूंना खायला आहे. सगळं मनासारखं मिळालं तर ई. कोलायसारखा जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. कागदावर हिशोब केला तर एकाचे ८ तासांत दीड कोटींच्या वर जातात. अंगातल्या पांढऱ्या पेशी एवढी वाढ होऊ देत नाहीत, हे आपलं नशीब. पण साखर वाढलेल्या, अशक्त किंवा वयस्कर माणसात ही फौज थकलेली असते.

आपल्या हातावर दोन प्रकारचे जंतू असतात. एक घरचे. ते कातडीच्या घड्यांत, केसांच्या मुळाशी कायम राहतात आणि सहसा त्रास देत नाहीत. दुसरे पाहुणे. आधीच्या पेशंटच्या पट्टीवरून, बेडच्या कठड्यावरून, खिशातल्या मोबाइलवरून ते हातावर आलेले असतात. साध्या हात धुण्यानं पाहुणे निघून जातात. घरचे पूर्ण कधीच जात नाहीत, कारण जिवंत कातडी उकळता येत नाही. म्हणून ऑपरेशनआधी हात विशेष औषधानं कोपरापर्यंत घासून घरच्यांची संख्या कमी करायची आणि वर मोजे घालायचे, अशी दुहेरी तजवीज असते.

पेशंटचे स्वतःचे जंतूही यात येतात. दर दहांतल्या साधारण तिघांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू गुपचूप राहत असतो, आणि जखमेत पू करणाऱ्यांत तो अग्रभागी आहे. म्हणून ऑपरेशनआधी साबणानं स्वच्छ आंघोळ करायला सांगतात. इथं आपल्याकडची एक चूक सांगायलाच हवी. "दाढी करतोयसच तर पोटावरचे केसपण काढून टाक" म्हणून आदल्या रात्री घरीच वस्तरा फिरवून येणारे पुष्कळ असतात. वस्तऱ्यानं डोळ्याला न दिसणाऱ्या शेकडो चिरा पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू मुक्काम करतात. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात, ऑपरेशनच्या थोडं आधी, मशिननं कातरतात. घरी काही करू नका.

व्हिएन्नातले दोन वॉर्ड

हात धुण्याचं महत्त्व जंतू सापडण्याआधीच एका माणसानं ओळखलं होतं, आणि त्याची गोष्ट मला दर वेळी अस्वस्थ करते.

इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरीचा डॉक्टर १८४६ पासून व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाच्या विभागात काम करत होता. तिथं दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपण करत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या वॉर्डात दर शंभरातल्या साधारण दहा बाळंतिणी तापानं जात, दुसऱ्यात चार. बायकांना हे माहीत होतं. पहिल्या वॉर्डात पाठवू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवत. शिकलेल्या डॉक्टरांकडं मरण जास्त आणि सुइणींकडं कमी, याचा उलगडा कुणालाच होत नव्हता.

१८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाइसचा मित्र, प्राध्यापक कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याच्या शरीरात जे बदल दिसले ते हुबेहूब बाळंतिणींसारखे होते. सेमेलवाइसच्या लक्षात आलं की पहिल्या वॉर्डातले डॉक्टर सकाळी शवविच्छेदन करून, तेच हात जुजबी धुऊन, बाळंतिणीला तपासायला येतात. सुइणी शवविच्छेदन करत नव्हत्या. मे महिन्यात त्यानं दारापाशी चुन्याच्या क्लोरिनयुक्त पाण्याचं भांडं ठेवलं आणि हात धुतल्याशिवाय कुणाला आत सोडलं नाही. एप्रिलमध्ये शंभरात अठरा असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये दोनवर आलं.

या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. त्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या बेडवर गर्भाशयाच्या कर्करोगाची, घाण स्राव जाणारी एक बाई होती. तिला तपासून डॉक्टर साध्या साबणानं हात धुऊन पुढच्या बेडकडे गेले. त्या रांगेतल्या १२ बाळंतिणींपैकी ११ दगावल्या. विष फक्त मुडद्यातून येतं असं नाही, जिवंत पेशंटकडून पुढच्या पेशंटकडेही जातं, हे तेव्हा त्याला कळलं. मग प्रत्येक दोन पेशंटच्या मध्ये क्लोरिनच्या पाण्यानं हात धुण्याचा नियम झाला. आजचा आमचा सगळा व्यवहार त्या एका नियमावर उभा आहे.

सहकाऱ्यांनी त्याला मानलं नाही. आपल्याच हातांनी बायका मेल्या हे कबूल करणं सोपं नव्हतं. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळूनच तो गेला. वय ४७.

धुतलेलं, उकळलेलं आणि निर्जंतुक

घरात आपण ज्याला स्वच्छ म्हणतो त्याला ऑपरेशनच्या खोलीत किंमत नसते. धुतल्यावर मळ जातो, बरेच जंतू जातात. उकळल्यावर जिवंत जंतू मरतात, पण काही जंतू बियाण्यासारखे टणक कवचात झोपून राहतात. या कवचांना बीजाणू म्हणतात. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. बीजाणूंसकट सगळं मेलं तरच ते निर्जंतुक, आमच्या भाषेत स्टराइल.

शिवाय पाणी सगळीकडं सारखं तापत नाही. महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या वर, पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. तिथं कुकरशिवाय डाळ शिजायलाही जास्त वेळ लागतो, तर बीजाणू काय मरणार? यावरचा उपायही कुकरच आहे. १८७९ मध्ये फ्रान्समध्ये चार्ल्स चेंबरलँडनं बनवलेलं ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा, भक्कम प्रेशर कुकर. आत दाबाखालची वाफ १२१ अंशांवर जाते आणि ती १५ ते २० मिनिटं टिकवली की बीजाणू संपतात. कुकरच्या शिट्टीला जे काम, ते ऑटोक्लेव्हमध्ये गठ्ठ्यावर लावलेल्या चिकटपट्टीला. तापमान लागलं की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. अर्थात रेघा उमटल्या म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं. आतले बीजाणू खरंच मेले का, हे बघायला मुद्दाम टणक बीजाणूंची कुपी आत ठेवून नंतर तपासतात.

कुणी न पाहिलेली बाही

निर्जंतुक केलेली वस्तू निर्जंतुक ठेवण्याच्या पद्धतीला असेप्टिक तंत्र म्हणतात. समजायला सगळ्यात जवळचा शब्द आपल्याकडं आहे: सोवळं. सोवळ्यातल्या बाईनं ओवळ्या भांड्याला हात लावला की तिचं सोवळं मोडतं. ऑपरेशन थिएटरमध्ये अगदी तसंच. स्टराइल वस्तू फक्त स्टराइल वस्तूला शिवू शकते, नाहीतर ती बाद.

शब्द वापरला, पण एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जुन्या सोवळ्यानं जन्मावरून माणसं दूर ठेवली. सावित्रीबाईंचं नायगाव आणि जोतीरावांच्या घराण्याचं कटगुण ही दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातली. त्या सोवळ्याशी लढणाऱ्यांच्या मुलखात राहून मी त्याचं कौतुक करणार नाही. थिएटरच्या सोवळ्यात माणूस कोण हे बघत नाहीत, हात कुठं लागला एवढंच बघतात. मोठ्या सर्जनचं कोपर दिव्याला लागलं तर तेही ओवळे होतात आणि सगळ्यात नवी मुलगी त्यांना सांगू शकते, "सर, गाऊन बदला."

नियम थोडे आणि कडक. कमरेच्या खालचं सगळं अनस्टराइल. पाठ अनस्टराइल. टेबलाखाली लोंबणारं कापड अनस्टराइल. कापड ओलं झालं तर तेही, कारण ओलीतून जंतू खालून वर झिरपतात. हत्यारं मांडलेल्या स्टराइल ट्रॉलीकडं पाठ करायची नाही. आणि शंका आली तर अनस्टराइलच धरायचं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, रात्री दोनच्या सुमारास, एका सिझेरियनची ट्रॉली मी लावली. वळताना माझी बाही सलाईनच्या स्टँडला लागली आणि मग तीच बाही ट्रॉलीच्या कापडावरून गेली. कुणी पाहिलं नव्हतं. पेशंट आत आणलं होतं. दहा सेकंद मी गप्प उभी राहिले, मग मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सगळी ट्रॉली बाजूला सारली, नवा गठ्ठा फोडला, मला हात परत घासायला पाठवलं. ऑपरेशन झाल्यावर बाहेर येऊन म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. न सांगणारी पोरगी मला नको असती." त्या दहा सेकंदांची आठवण मला अजून येते. या सगळ्या व्यवस्थेत चूक डोळ्याला दिसत नाही. ती करणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि तिचं फळ पाचव्या-सातव्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या पोटावर दिसतं.

वॉर्डात हात कधी धुवायचे

थिएटरमध्ये शिस्त असते, कारण सगळे तिथं त्याच कामाला आलेले असतात. वॉर्डात एका नर्सकडं पंधरा-वीस पेशंट, फोन वाजतोय, नातेवाईक बोलावताहेत. संसर्गाला इथं जास्त फावतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं हात धुण्याच्या पाच वेळा ठरवून दिल्यात. पेशंटला हात लावण्याआधी. इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंगसारखं काम करण्याआधी. रक्त, लघवी, पू यांच्याशी संबंध आल्यावर लगेच. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि पेशंटला न शिवता नुसतं त्याच्या बेडला, कपाटाला हात लावला असेल तरीही. पहिल्या दोन वेळा या पेशंटसाठी, उरलेल्या तीन पुढच्या पेशंटसाठी आणि स्वतःसाठी. सगळ्यात जास्त चुकते ती शेवटची, कारण "मी कुठं पेशंटला हात लावला?" असं मनात येतं.

हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचं द्रावण २० ते ३० सेकंद, वाळेपर्यंत चोळलं की काम होतं. मळ, रक्त लागलं असेल तर साबण आणि पाणी, ४० ते ६० सेकंद. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांमधल्या बेचक्या हमखास सुटतात. जुलाब करणाऱ्या काही जंतूंच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही, त्यामुळं जुलाबाच्या पेशंटनंतर साबणच. अल्कोहोल जास्त तेवढं चांगलं, असंही नाही. जंतूची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, म्हणून द्रावण साधारण ६० ते ८० टक्क्यांचं असतं.

"पण सिस्टर..."

*हातमोजे घातलेत की!* मोजे हात धुण्याऐवजी नसतात. नव्या मोज्यातही न दिसणारं छिद्र असू शकतं, आणि तेच मोजे घालून तीन बेड फिरलं तर जंतूंना रिक्षाच मिळाली. ऑपरेशनमध्ये रबरी मोजे आले तेसुद्धा पेशंटसाठी नव्हेत. १८८९ च्या सुमारास अमेरिकेत डॉ. हॉलस्टेड यांच्या थिएटरमधल्या नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशकानं चट्टे पडत, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्यासाठी मोजे बनवून घेतले. पेशंटला त्याचा फायदा होतो हे मागाहून उमगलं.

*अँटिबायोटिक देतातच, मग एवढं कशाला?* ऑपरेशनच्या थोडं आधी एक डोस देतात, तो चीर पडताना रक्तात औषध असावं म्हणून. घाणेरड्या हाताची भरपाई त्यानं होत नाही. रुग्णालयात टिकून राहिलेले जंतू आधीच अनेक अँटिबायोटिक पचवलेले असतात. एका हातावरून दुसऱ्या हातावर असे जंतू गेले की साध्या औषधानं बरा होणारा टाका महागड्या इंजेक्शनांवर जातो, आणि घरची म्हैस विकायची वेळ येते. हे मी पाहिलंय.

*एवढा वेळ कुणाला आहे?* हा आक्षेप खरा आहे, आणि नर्सवर ओरडून तो सुटत नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ मध्ये धुवायला हवेत त्यांपैकी ४८ टक्के वेळाच हात धुतले जात. अल्कोहोलच्या बाटल्या बेडपाशी लावल्या, सतत आठवण दिली, वरिष्ठ पाठीशी उभे राहिले, तर १९९७ पर्यंत हे प्रमाण ६६ टक्के झालं. त्याच काळात संसर्ग १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर उतरला. साबणाचा वापर जवळजवळ तेवढाच राहिला होता, वाढ झाली ती हाताशी असलेल्या बाटलीमुळं. बेसिन वॉर्डाच्या टोकाला आणि नळाला पाणी नाही, अशा ठिकाणी भिंतीवर हात धुण्याचं पोस्टर लावून काय होणार?

*आमच्या आजीची सगळी बाळंतपणं घरात झाली.* झाली, आणि त्यातली किती बाळं आठव्या दिवशी आखडून गेली हेही त्याच आजीला विचारा. विळ्यानं किंवा जुन्या ब्लेडनं नाळ कापायची, वर राख किंवा शेण लावायचं, आणि मग बाळाला "आठवड्याचा आजार" व्हायचा. तो धनुर्वात होता. आईला लस, स्वच्छ हात, नवं ब्लेड, नाळ कोरडी ठेवणं, एवढ्यावर भारतातून तो जवळजवळ हटला. २०१५ मध्ये देशानं बाळंतिणींचा आणि नवजातांचा धनुर्वात दूर केल्याचं जाहीर झालं.

*हळद लावली तर?* सांगलीत हा प्रश्न येणारच. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा मलाही अभिमान आहे. हळदीतला घटक प्रयोगशाळेत काही जंतूंना रोखतो, हेही खरं. पण डब्यातली हळद जमिनीतून काढून, शिजवून, खळ्यावर उन्हात वाळवून, दळून आलेली असते. ती स्टराइल नसते, मातीचे बीजाणू तिच्यात असू शकतात. दुधात घ्या, भाजीत घाला, टाक्यावर नको. पालीच्या खंडोबाचा, आरेवाडीच्या बिरोबाचा भंडारा घेऊन येणाऱ्या आजींना मी कधी अडवलं नाही. कपाळाला लावा म्हणायचे, पट्टीपासून आणि सलाईनच्या सुईपासून लांब.

तुमच्या हातात काय आहे

आल्यावर आणि जाताना हात चोळा. पेशंटच्या बेडवर बसू नका, आणि एका बेडची विचारपूस झाली की तसेच दुसऱ्या बेडवर जाऊ नका. "बघू तरी कसं झालंय" म्हणून पट्टीचा कोपरा उचलू नका. लघवीची पिशवी पेशंटला चालवताना खांद्यापर्यंत वर धरतात, तसं केलं की नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकवता. सलाईनच्या नळीला इंजेक्शन जोडण्याआधी तिचं तोंड अल्कोहोलच्या बोळ्यानं घासून वाळू देतात का, तेही बघत जा.

आणि विचारा. "सिस्टर, हात धुतलासा का?" हे विचारायला माणसं कचरतात, डॉक्टर चिडतील, आपल्या पेशंटकडं दुर्लक्ष करतील असं वाटतं. विचारताना मान ठेवून विचारा, पण विचारा. चांगल्या नर्सला याचा राग येत नाही. मला पहिल्यांदा हे विचारलं ते कडेगावच्या एका शाळकरी मुलीनं, तिच्या आज्याच्या ड्रेसिंगच्या वेळी. मी हात धुतले नव्हते. आधीच्या बेडवरून तशीच आले होते.

घरी गेल्यावरही लक्ष हवं, कारण ऑपरेशनच्या जागेचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत, आणि आत सळई किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत डोकं वर काढू शकतो. टाक्याभोवती लाली पसरत चालली, जागा गरम लागली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पाणी किंवा पू आला, ताप भरला, तर गावात मलम लावत बसू नका. डिस्चार्ज कार्डावर फोन नंबर असतो. त्याच दिवशी फोन करा आणि कार्ड घेऊन या.